ठोक्यांची वही उघडा: गुवाहाटी महानगर विकास प्राधिकरणास खुले पत्र

मा. अध्यक्ष व सदस्य,
गुवाहाटी महानगर विकास प्राधिकरण, गुवाहाटी, आसाम.



गुवाहाटीत मोठी इमारत उठायची असते तेव्हा रिकाम्या प्लॉटवर सगळ्यांत आधी एक लोखंडी तिपाई येते. तिच्या माथ्याला कप्पी, कप्पीवरून दोर, दोराला ६३.५ किलोचा हातोडा. हातोडा ७५ सेंटीमीटर वर उचलायचा आणि सोडून द्यायचा. प्रत्येक ठोक्याला बोअरच्या तळाशी असलेली पोलादी नळी मातीत थोडी थोडी शिरते. पहिले १५ सेंटीमीटर हिशेबात धरायचे नाहीत. पुढचे ३० सेंटीमीटर जायला किती ठोके लागले ते मोजायचे आणि वहीत लिहायचे. मग दीड मीटर आणखी खाली जायचे आणि पुन्हा तेच. या चाचणीला एसपीटी म्हणतात आणि ठोक्यांच्या आकड्याला साइटवरची माणसे ‘एन व्हॅल्यू’ म्हणतात. कुठे चार ठोक्यांत नळी सरसर आत जाते, कुठे चाळीस मारले तरी जागची हलत नाही.

चार ठोक्यांची ती जागा भुसभुशीत वाळूची असेल आणि पाण्याच्या पातळीखाली असेल, तर मोठ्या भूकंपात ती काही सेकंदांत जमीन म्हणून उरणार नाही. वहीत हे लिहिलेले असते. वहीतून ते अहवालात जाते, अहवाल पायाच्या नकाशांसोबत फाइलीत लागतो, आणि इमारत उभी राहिली की त्या फाइलीचे काम संपते. वर्षभराने शेजारच्या प्लॉटवर नवी तिपाई उभी राहते आणि तीच वाळू नव्याने मोजली जाते. हे पत्र या वह्यांसाठी आहे. गुवाहाटीच्या पोटात गेलेल्या प्रत्येक बोअरचे आकडे एका जागी यावेत, ते सर्वांना पाहता यावेत, आणि शहराचा पुढचा विकास आराखडा त्यांच्यावर उभा राहावा, एवढी एकच मागणी त्यात आहे. बाकीचे सगळे या मागणीचे कारण आहे.

धान्य मापणाऱ्या माणसाला एक गोष्ट पक्की ठाऊक असते. पायली भरून ती हलवली की दाणे एकमेकांत बसतात आणि वर पुन्हा जागा होते. सैल वाळू भूकंपात हेच करू पाहते. वाळू कोरडी असेल तर ती दबते, जमीन काही बोटे खचते आणि विषय संपतो. पण कणांमधल्या फटी पाण्याने गच्च भरलेल्या असतील, तर वाळूला दबण्यासाठी आधी ते पाणी बाहेर जायला हवे, आणि भूकंप तेवढा वेळ देत नाही. कण खाली बसू पाहतात, पाणी वाट अडवते, पाण्याचा दाब वाढत जातो, आणि एका क्षणी वरच्या मातीचे आणि घराचे ओझे कणांवरून पाण्यावर येते. कणांची एकमेकांना लागलेली टेकण सुटते. काल जी जमीन होती ती आता दाट कढीसारखी असते. तिच्यात इमारती कलतात आणि रुततात, पुरलेल्या पोकळ टाक्या आणि मॅनहोल उलट वर तरंगून येतात, नदीकाठचा उतार पात्राकडे सरकतो, आणि जिथे फट सापडेल तिथून पाणी वाळू घेऊन उसळते. याला मातीचे द्रवीभवन म्हणतात. हादरे थांबल्यावर थोड्या वेळाने पाणी निघून जाते, माती पुन्हा घट्ट होते. आत रुतलेले घर मात्र तसेच राहते.

महाराष्ट्राला भूकंप कळतो तो किल्लारीचा. ३० सप्टेंबर १९९३च्या पहाटे लातूर आणि उस्मानाबाद जिल्ह्यांत मातीत रचलेल्या जाड दगडी भिंती झोपलेल्या माणसांवर कोसळल्या. तेव्हापासून भूकंपाची भीती म्हटली की मराठी मनात भिंत येते. भिंत मजबूत करा, पट्टे घाला, छप्पर हलके करा. हे सगळे खरे आणि गरजेचे आहे. पण ब्रह्मपुत्रेच्या खोऱ्यात भिंत, पट्टे आणि छप्पर धडधाकट राहूनही घर जाऊ शकते, कारण दगा देते ती खालची जमीन. आसामच्या मातीबद्दल मराठीत पत्र लिहिण्याचे एक कारण हेच की हा फरक इकडेही कळायला हवा. मुंबईतल्या किती वस्त्या खाड्या आणि खाजणे भरून उभ्या राहिल्या, हे मराठी वाचकाला सांगावे लागत नाही. तिथला भूकंपाचा धोका आसामहून कमी दर्जाचा आहे, तरी भरावाखालच्या मातीला विचारायचा प्रश्न तोच आहे.

१२ जून १८९७ ही तारीख पुण्यात शिवराज्याभिषेकाच्या उत्सवाची. त्या उत्सवाच्या १५ जूनच्या ‘केसरी’तल्या वृत्तान्तावरून पुढे टिळकांवर राजद्रोहाचा खटला भरला गेला, आणि उत्सवानंतर दहा दिवसांनी गणेशखिंडीच्या रस्त्यावर चापेकरांनी प्लेग अधिकारी रँडवर गोळी झाडली. महाराष्ट्राच्या आठवणीत तो जून प्लेगचा आणि चापेकरांचा आहे. त्याच १२ जूनला संध्याकाळी सव्वापाचच्या सुमारास शिलाँगच्या पठाराखाली सुमारे ८.१ क्षमतेचा भूकंप झाला. शिलाँगमधली दगडविटांची बांधकामे जवळजवळ सगळी जमीनदोस्त झाली. मेले सुमारे दीड हजार. वेळ संध्याकाळची होती, माणसे घराबाहेर होती आणि वस्ती विरळ होती, म्हणून आकडा एवढ्यावर थांबला.

भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणाचे रिचर्ड डिक्सन ओल्डहॅम यांनी या भूकंपाचा जो अहवाल १८९९ साली प्रसिद्ध केला, तो आजही भूकंपशास्त्रातल्या मोलाच्या दस्तऐवजांत गणला जातो. पृथ्वीला वेगळा गाभा आहे हे भूकंपलहरींवरून पुढे १९०६मध्ये दाखवून देणारे ओल्डहॅम ते हेच. त्यांच्या अहवालात कोसळलेल्या इमारतींइतकीच जागा खचलेल्या आणि फाटलेल्या जमिनीला आहे. ब्रह्मपुत्रेच्या मैदानात ठिकठिकाणी भेगा पडल्या, त्यांतून वाळू आणि पाणी उसळले, विहिरी वाळूने बुजल्या, ओढ्यांचे आणि नाल्यांचे तळ वर आले. पाणी वाहून नेणाऱ्या वाटाच उथळ झाल्याने बारपेट्याच्या भागात पुढच्या पावसात पूर चढला. म्हणजे भूकंप काही मिनिटांत संपला आणि त्याचा पूर नंतर आला. द्रवीभवनाचा धोका मोजताना हा दुसरा हप्ता सहसा कुणाच्या हिशेबात नसतो.

त्यानंतर ५३ वर्षांनी, १५ ऑगस्ट १९५०च्या संध्याकाळी, देश स्वातंत्र्यदिन साजरा करत असताना आसाम आणि तिबेटच्या सीमेवर ८.६ क्षमतेचा भूकंप झाला. जमिनीवर झालेल्या आणि उपकरणांनी नोंदलेल्या भूकंपांत हा जगात सर्वांत मोठा मानला जातो. वरच्या आसामात पुन्हा भेगा, पुन्हा वाळूची कारंजी. डोंगर कोसळून सुबनसिरी नदी अडली, काही दिवसांनी तो बांध फुटला आणि खालच्या गावांवर लोंढा आला. डोंगरांतून उतरलेल्या गाळाने ब्रह्मपुत्रेचे पात्र उथळ झाले आणि डिब्रुगड शहराचा काठ पुढे नदीने कापून नेला.

या दोन तारखांकडे आपण एकदा ऋतू म्हणून पाहावे, ही विनंती. जून आणि ऑगस्ट. दोन्ही वेळा आसामात पावसाळा होता, नदी चढलेली होती आणि जमिनीतले पाणी वर आलेले होते. याच्या उलट उदाहरण काठमांडूचे आहे. ते खोरे म्हणजे एका जुन्या तळ्याच्या गाळाने भरलेली वाटी. २५ एप्रिल २०१५ला ७.८ क्षमतेचा गोरखा भूकंप झाला तेव्हा तिथे मोठ्या द्रवीभवनाची भीती होती. प्रत्यक्षात ते विखुरलेल्या थोड्या जागी दिसले. हादऱ्यांचा प्रकार वेगळा होता हे एक कारण, आणि कोरड्या ऋतूच्या शेवटी भूजल खाली गेलेले होते हे दुसरे. तोच भूकंप श्रावणात झाला असता तर हिशेब वेगळा निघाला असता. आणि आसामात पावसाळ्याआधीचे दिवसदेखील सुरक्षित नाहीत. २८ एप्रिल २०२१च्या सकाळी शोणितपूर जिल्ह्यात ६.४ क्षमतेचा भूकंप झाला. १८९७च्या मानाने तो फारच लहान होता. तरीही ढेकियाजुलीच्या परिसरात शेतांतून पाणी आणि वाळू वर आली.

म्हणून मूल्यमापनात पाण्याची पातळी कोणत्या महिन्याची धरली, हा प्रश्न किरकोळ नाही. बोअर मारण्याचे काम बहुधा कोरड्या महिन्यांत होते, कारण तेव्हा प्लॉटवर यंत्र नेता येते. मग अहवालात जानेवारीत दिसलेली पाण्याची पातळी येते. त्या पातळीवर हिशेब केला तर वरची दोन-तीन मीटर वाळू कोरडी ठरते आणि कागदावर सुरक्षित होते. जुलैत तीच वाळू पाण्यात असते.

हिशेबाची पद्धत आता जुनी आणि चांगली रुळलेली आहे. १९६४ साली अलास्कात आणि जपानमधल्या निगाता शहरात झालेल्या भूकंपांनी जगाचे लक्ष द्रवीभवनाकडे वेधले. निगातात कावागिशी-चो इथल्या गृहसंकुलातल्या इमारती न मोडता, अख्ख्याच्या अख्ख्या कलल्या. त्यातली एक इतकी कलली की रहिवासी तिच्या भिंतीवरून चालत खाली उतरले. त्यानंतर १९७१मध्ये कॅलिफोर्नियातल्या सीड आणि इद्रिस या दोन अभियंत्यांनी सोपी रीत मांडली. भूकंप मातीला किती ढकलणार, हा एक आकडा. माती किती ढकलणे सोसू शकते, हा दुसरा. हा दुसरा आकडा तिपाईखालच्या ठोक्यांवरून निघतो. सोसण्याला ढकलण्याने भागले आणि उत्तर एकाच्या खाली आले, तर ती पातळी धोक्याची. भारतीय मानक आयएस १८९३च्या २०१६च्या आवृत्तीत या हिशेबासाठी स्वतंत्र परिशिष्ट आहे. रीत हाताशी आहे, ती वापरणारे अभियंते गुवाहाटीत आहेत, आणि शहरातल्या बोअरच्या नोंदींवरून असे अंदाज मांडणारे शोधनिबंधही प्रसिद्ध झालेले आहेत.

अडचण आकड्यांच्या इमानाची आहे. दोर हाताने ओढून सोडलेल्या हातोड्याची सगळी ताकद नळीपर्यंत पोहोचत नाही. दोर कप्पीवर घासतो, माणूस दमतो, उंची कमीजास्त होते. ताकद कमी पोहोचली की ठोके जास्त लागतात, आणि माती आहे त्याहून घट्ट दिसते. चूक नेमकी धोकादायक बाजूला होते. म्हणून ठोक्यांसोबत हातोडा कोणता, तो कसा सोडला, ताकद मोजली का, हे लिहिलेले हवे. दुसरे असे की ब्रह्मपुत्रेच्या वाळूत अभ्रक पुष्कळ असते. तिचे चपटे, चमकणारे पापुद्रे हातावर घेतले तरी दिसतात. गोल दाण्यांच्या वाळूसारखी ही वाळू वागत नाही, ती जास्त दबते. आपण वापरतो ती सूत्रे मात्र मुख्यतः जपान आणि कॅलिफोर्नियाच्या मातीवर बसवलेली आहेत. तिसरे, ही सूत्रे ७.५ क्षमतेचा भूकंप प्रमाण मानून लिहिलेली आहेत. आठच्या वरचा भूकंप जास्त वेळ हलवतो, आणि तेवढीच माती तेव्हा कमी सोसते. जिथे १८९७ घडून गेले आहे तिथे हिशेबात कोणता भूकंप धरायचा, याचे उत्तर इतिहासाने दिलेलेच आहे.

इतिहास १८९७पाशी थांबतही नाही. हैदराबादच्या राष्ट्रीय भूभौतिकी संशोधन संस्थेच्या शास्त्रज्ञांनी नव्वदच्या दशकात शिलाँग पठाराच्या कडेला कृष्णाई आणि दुधनाई नद्यांच्या काठांवर चर खणले. चरांच्या भिंतींत त्यांना गाळाचे थर फोडून वर घुसलेल्या वाळूच्या शिरा सापडल्या. आजूबाजूच्या लाकडाचा आणि सेंद्रिय अवशेषांचा काळ मोजल्यावर दिसले की अशी वाळू १८९७च्या आधीही उसळली होती, एकदा नव्हे, अनेकदा, आणि दोन मोठ्या घटनांमधले अंतर साधारण पाचशे वर्षांचे निघते. हे वेळापत्रक नव्हे. १९५०चा भूकंप दुसऱ्याच भेगेवरचा होता आणि तो ५३ वर्षांतच आला. चरांतल्या शिरा सांगतात ते एवढेच की इथली वाळू पुन्हा पुन्हा पातळ झालेली आहे, आणि त्याचा पुरावा जमिनीने जपून ठेवला आहे.

आता खुद्द गुवाहाटी. २०११च्या जनगणनेत शहराची लोकसंख्या साडेनऊ लाखांच्या वर होती. नीलाचल, नवग्रह, शरणिया या टेकड्या अतिप्राचीन कठीण खडकाच्या आहेत. त्यांच्यामध्ये आणि त्यांच्याभोवती नदीच्या गाळाचा सखल प्रदेश आहे. टेकडीवरून उतरून थोडे चालले की पायाखालचा खडक गाळाखाली खोल गेलेला असतो. दोन शेजारच्या मोहल्ल्यांची माती इतकी वेगळी असते की एकाचा अहवाल दुसऱ्याला लावता येत नाही. या सखल भागातून भरलू आणि बाहिनी वाहतात, आणि त्यांच्या आसपास बिले होती. बील म्हणजे उथळ, पसरट पाणथळ. दीपर बील हा ब्रह्मपुत्रेचाच जुना मार्ग मानला जातो. २००२पासून त्याला रामसर दर्जा आहे. सिलसाको, बोरसोला या बिलांच्या काठांनी शहर आत सरकत गेले. शहर वाढताना माती आणि राडारोडा टाकून जागा केली गेली.

भरलेले बील म्हणजे दोन प्रश्न एकावर एक. वर सैल टाकलेला भराव, खाली पाण्याने भिजलेला कोवळा गाळ. पृष्ठभागावर रस्ता, दुकाने, पाच मजली घरे दिसतात. नाव मात्र बऱ्याचदा पाण्याचे राहते. पुखुरी म्हणजे तळे. अशी पाण्याची नावे गुवाहाटीकर रोज घेतात. दरवर्षी जोराच्या पावसात अनिलनगर, नवीननगर, रुक्मिणीगाव इथे पाणी साचते तेव्हा ते आपल्या जुन्या जागीच येते. जिथे पाणी साचते तिथे द्रवीभवन होईलच असे नाही. चिकण माती असेल तर तिचे वागणे वेगळे. पण बोअर आधी कुठे तपासावेत हे ठरवायला या दोन याद्या, पाण्याच्या नावांची आणि पाणी तुंबणाऱ्या गल्ल्यांची, फुकट उपलब्ध आहेत.

इंडोनेशियातल्या पालू खोऱ्यात असेच एक नाव होते, आणि ते ऐकले गेले नाही. तिथल्या कैली लोकांच्या भाषेत ‘नालोदो’ असा शब्द आहे, जमीन चिखल होऊन गिळते त्यासाठी. भाषेत शब्द आहे याचा अर्थ हे आधी घडलेले आहे. २०१२ साली इंडोनेशियाच्या भूवैज्ञानिक संस्थेने पालूच्या द्रवीभवनाच्या शक्यतेचा अभ्यासही केला होता. २८ सप्टेंबर २०१८ला ७.५ क्षमतेचा भूकंप झाला. पेटोबो, बालारोआ, जोनो ओगे इथे अतिशय सौम्य, डोळ्यांना सपाटच भासणाऱ्या उतारावरची जमीन शेकडो मीटर वाहत गेली. घरे, झाडे, रस्ते तिच्यासोबत. भूकंप, त्सुनामी आणि ही वाहती जमीन मिळून चार हजारांहून अधिक माणसे गेली. नंतरच्या संशोधनात दिसले की भातशेतीसाठी काढलेल्या कालव्याच्या पाण्याने त्यातल्या काही उतारांचे भूजल वर आणून ठेवले होते. माणसाने बदललेले पाणी आणि निसर्गाची वाळू यांनी मिळून ते घडवले. शब्द होता, अभ्यास होता. घर घेणाऱ्याच्या हातात त्यातले काही नव्हते.

गुवाहाटीचाही अभ्यास झालेला आहे. केंद्राच्या विज्ञान व तंत्रज्ञान विभागाच्या पुढाकाराने शहराचे भूकंप सूक्ष्मक्षेत्रीकरण, म्हणजे धोक्यानुसार भागांची आखणी, झाले, त्यात अनेक संस्थांनी काम केले, आणि ते काम मोलाचे आहे. पण शहरभराचा नकाशा १:२५,०००सारख्या प्रमाणावर काढला की कागदावरचा एक मिलिमीटर जमिनीवर २५ मीटर होतो. एक अख्खा प्लॉट त्या मिलिमीटरात मावतो. नकाशा सांगतो की हा पट्टा नाजूक आहे. बुजलेला जुना प्रवाह नेमका कोणत्या गल्लीखालून गेला आहे, हे त्याला सांगता येत नाही. ते वह्याच सांगू शकतात, त्या शेजारी शेजारी ठेवल्या तर. एका बोअरमध्ये सहा मीटरवर सैल वाळू, पुढच्या प्लॉटवर नाही, तिसऱ्यावर पुन्हा आहे: तीन वह्या एकत्र आल्या की प्रवाहाची रेघ उमटते. सुट्या असताना त्यांतून फक्त तीन वेगळे पाये निघतात.

हे करून दाखवलेले शहर आहे. न्यूझीलंडमधल्या क्राइस्टचर्चला सप्टेंबर २०१० आणि फेब्रुवारी २०११च्या भूकंपांनी हलवले. २२ फेब्रुवारी २०११च्या भूकंपात १८५ माणसे गेली, आणि एव्हन नदीच्या काठची पूर्वेकडची उपनगरे राखाडी गाळात बुडाली. विद्यार्थी फावडी घेऊन रस्त्यांवर उतरले आणि आठवडेच्या आठवडे गाळ उपसत राहिले. शेवटी सुमारे आठ हजार घरांच्या जागा पुन्हा वस्तीला योग्य नाहीत असे ठरवून सरकारने मालकांना विकत घेण्याचा प्रस्ताव दिला. त्या काळात शहरात मातीच्या हजारो चाचण्या झाल्या, आणि एक शहाणा निर्णय झाला. सरकारी असो की खाजगी, चाचण्यांचे आकडे एका सामायिक संग्रहात घालायचे, जेणेकरून कुणाही अभियंत्याला शेजारच्या प्लॉटची माती पाहता येईल. पुढे तो संग्रह साऱ्या देशाचा झाला. क्राइस्टचर्चला हे भूकंपानंतर सुचले, आणि तोवर आठ हजार घरे गेली होती. गुवाहाटीला ते आधी करता येते.

२०२५ हे वर्ष डोळ्यांसमोर ठेवून केलेला गुवाहाटीचा आराखडा आता जुना झाला. पुढच्या आराखड्यात मातीची सार्वजनिक नोंदवही हा आधाराचा दस्तऐवज असावा. बांधकामाच्या परवानगीसाठी जो मातीचा अहवाल येतो, त्यातले आकडे अक्षांश-रेखांशांसह एका ठरावीक नमुन्यात द्यावेत, अशी अट घालता येईल. खोलीनुसार ठोके, हातोड्याचा प्रकार, मातीचा वर्ग, बारीक कणांचे प्रमाण, पाण्याची पातळी आणि ती पाहिली तो दिवस. यासाठी नवे काहीच मोजावे लागत नाही, हे सगळे आधीच मोजलेले असते. जुन्या फाइलींतले अहवाल काढून भरण्याचे काम अभियांत्रिकीच्या विद्यार्थ्यांना देता येईल, आणि त्यांना मिळणारे शिक्षण कुठल्याही वर्गापेक्षा मोठे असेल. सखल भागांत वर्षभर पाणी मोजणाऱ्या निरीक्षण विहिरी हव्यात आणि हिशेबात जुलै-ऑगस्टची पातळीच धरली जावी. या सगळ्यावर जुन्या बिलांच्या सीमा आणि ओल्डहॅमपासूनच्या नोंदी चढवल्या, तर एक असा नकाशा तयार होईल जो दर नव्या बोअरगणिक सुधारत जाईल.

एक भीती रास्त आहे. नकाशा जाहीर झाला की लाल रंगातल्या घरांची किंमत पडेल. आयुष्याची कमाई फ्लॅटमध्ये घातलेल्या कुटुंबाला हा रंग शिक्षेसारखा वाटेल, आणि त्याच्या काळजीला हलके लेखू नये. पण लाल रंग म्हणजे घर सोडा असे नव्हे. निगातात ज्या जागांवर वाळू आधी कंपनाने ठासून घट्ट केली होती, तिथल्या इमारती उभ्या राहिल्या. आज दगडी स्तंभ घालून माती आवळता येते, निचऱ्याच्या वाटा देता येतात, पाइल सैल वाळूच्या खालच्या घट्ट थरापर्यंत नेता येतात. पाइल आहेत म्हणून निर्धास्त राहायचे नाही, हे मात्र कच्छने दाखवले. २६ जानेवारी २००१च्या भूकंपात कांडला बंदरातला पाइलवर उभा असलेला मनोरा कलला, कारण खालची माती सरकली होती. कोणत्या थरापर्यंत जायचे हे कळायला आधी तो थर ठाऊक हवा. आणि जिथे जमीन घट्ट करणे परवडणार नाही तिथे वजन कमी करता येते. लाकडी चौकट, इकरा नावाच्या बोरूच्या कुडाच्या भिंती आणि पत्र्याचे छप्पर असलेले आसामी घर १८९७नंतर रूढ झाले ते उगाच नव्हे. ते कललेच तर जॅक लावून उचलता येते, आणि त्याच्याखाली माणूस सहसा मरत नाही. माहिती लपवून घराची किंमत टिकते ती पुढच्या भूकंपापर्यंत. त्या दिवशी किंमतही जाते आणि इलाजाची वेळही.

काम एकदम सगळ्या शहरात सुरू करण्याची गरज नाही. गुवाहाटी वैद्यकीय महाविद्यालयाचे रुग्णालय भांगागडजवळ नरकासुर टेकडीवर आहे. भूकंपानंतर अख्खे खोरे ज्या रुग्णालयाकडे धाव घेईल ते खडकावर आहे, हे शहराचे भाग्य. पण तिथे पोहोचण्याचे रस्ते खालून, भरलू आणि बाहिनीच्या सखल पट्ट्यातून येतात. त्या रस्त्यांखाली जलवाहिन्या आहेत, त्यांच्यावर पूल आणि उड्डाणपूल आहेत. नोंदवहीचे पहिले पान या रस्त्यांचे असावे. कोणत्या रस्त्याखाली किती खोलीवर किती ठोके, ऑगस्टमध्ये पाणी किती वर, आणि १८९७एवढा भूकंप आला तर रुग्णवाहिका टेकडीपर्यंत कोणत्या वाटेने नेता येईल. ते पान आसामी भाषेत छापून प्रत्येक वॉर्ड कार्यालयाच्या दर्शनी भिंतीवर लावावे. पुढच्या पावसाळ्याआधी एवढे एक पान झाले, तरी बाकीची पाने मागायला गुवाहाटीचे लोक स्वतः आपल्या दारात येतील.



आपल्या खोऱ्याचा हितचिंतक,
एक मराठी पत्रलेखक